घर बांधणाऱ्यांच्या गावी

सप्टेंबर सरत येतो तेव्हा डहाणू-तलासरीच्या खाचरांत हळवे भात पिवळे पडू लागलेले असते, पावसाचा जोर ओसरलेला असतो आणि रात्री कुठल्या ना कुठल्या पाड्यावरून तारप्याचा सूर ऐकू येतो. याच दिवसांत, २४ सप्टेंबरला, राज्यभरच्या महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेचा स्थापना दिन साजरा होतो. प्रतिज्ञा म्हटली जाते, आवारात चार रोपे लागतात, प्राचार्य दोन शब्द बोलतात आणि मग कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या टेबलाभोवती हिवाळी शिबिराची बोलणी सुरू होतात. दत्तक गाव कोणते, मुक्काम शाळेत की समाजमंदिरात, मोठी पातेली कुठून आणायची, श्रमदानाला काम कोणते घ्यायचे? गेल्या काही वर्षांत या शेवटच्या प्रश्नाला ‘घर’ असे उत्तर अधूनमधून ऐकू येते. एखाद्या विधवेच्या घराचे जोते, अर्धवट राहिलेल्या घरकुलाची भिंत, गळक्या छपराची दुरुस्ती. काम डोळ्यांना दिसणारे आहे, मनाला समाधान देणारे आहे, आणि म्हणूनच वर्षातून एकदा तरी थांबून त्याचा हिशेब घ्यावा असेही आहे.

ही योजना १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांतले सुमारे ४० हजार विद्यार्थी घेऊन सुरू केली. शिकणाऱ्या हातांना कष्टाची ओळख व्हावी आणि ज्यांच्या कष्टावर शिक्षण उभे आहे त्यांचे अंगण या मुलांनी एकदा पाहावे, एवढीच तिच्या मुळाशी असलेली अपेक्षा. कोणार्कच्या सूर्यमंदिरातले रथचक्र तिने बोधचिन्ह म्हणून घेतले आणि स्वतःआधी दुसऱ्याचा विचार हे ब्रीद म्हणून. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि एक सात दिवसांचे निवासी शिबीर, असा तिचा नेम आहे. आपल्यापैकी अनेकांनी तो पाळला आहे. पहाटेची प्रभातफेरी, तळहाताला आलेले फोड, दुपारचे बौद्धिक, रात्रीच्या शेकोटीभोवतीची गाणी हे सारे आपल्या तारुण्याच्या सामायिक ठेव्यात जमा आहे. त्या ठेव्याचे मोल कमी नाही. पण शिबीर उठल्यावर गावाच्या ठेव्यात काय जमा झाले, हे विचारायला आपण सहसा मागे वळत नाही.

या दिवसांत काही तारखा एकापाठोपाठ येतात आणि त्यातली प्रत्येक तारीख या प्रश्नाला आपापल्या परीने उत्तर देते. स्थापना दिनानंतर तीनच दिवसांनी अनुताई वाघ यांचा स्मृतिदिन येतो. ताराबाई मोडकांच्या हाकेला ओ देऊन अनुताई १९४५ साली बोर्डीला आल्या आणि २७ सप्टेंबर १९९२ रोजी जग सोडेपर्यंत याच मुलखाच्या होऊन राहिल्या. बोर्डीत सुरू झालेले बालशिक्षणाचे काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत हे पाहून या दोघींनी मुलांना दोष दिला नाही, शाळाच उचलून पाड्याच्या अंगणात नेली, आणि गुरे राखणारी पोरे अंगणातही सापडेनात तेव्हा ती त्यांच्यामागे कुरणात गेली. आज देशभर गावोगावी दिसणाऱ्या अंगणवाडीच्या कल्पनेला त्या प्रयोगांनी मोठे बळ दिले. सेवा करणाऱ्याने आपले वेळापत्रक बाजूला ठेवून समोरच्याच्या दिवसाची लय ओळखायची असते, हा त्यातला धडा. सात दिवसांच्या शिबिराने सत्तेचाळीस वर्षांच्या मुक्कामाशी बरोबरी करू नये. पण तो धडा मात्र पहिल्या दिवसापासून गिरवावा.

त्यानंतर तीन दिवसांनी ३० सप्टेंबर येतो. १९९३ साली त्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हादरली आणि गणेश विसर्जन करून नुकतीच निजलेली गावे ढिगाऱ्याखाली गेली. भूकंपाचा जोर होताच, पण हजारो जीव घेतले ते घरांनी. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांच्या डोक्यावर माळवदाचा भार अशी ती पिढ्यान्‌पिढ्यांची घरे होती, उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदार. भिंतीला भिंत बांधून धरणारे त्यांत काही नव्हते. महाराष्ट्रातल्या कानाकोपऱ्यातून तेव्हा विद्यार्थी धावून गेले, मढी उचलली, तंबू ठोकले, पुढे नव्या गावांच्या उभारणीत हातभार लावला. घर बांधणे हे दयेइतकेच ज्ञानाचेही काम आहे, हे त्या पिढीला तिथे डोळ्यांदेखत कळले.

डहाणू-तलासरीला हे ज्ञान फार जवळून लागू आहे. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी, हळदपाडा, दापचरी या पट्ट्यात जमिनीखालून गडगडाट ऐकू येऊ लागला आणि भांडी थरथरू लागली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी एकाच दिवशी अनेक धक्के बसले, त्यांतला मोठा ४.१ तीव्रतेचा होता, आणि त्या पळापळीत एक चिमुरडी दगावली. मोठ्या भूकंपाच्या मापात हे आकडे किरकोळ वाटतील; पण एकदाच येऊन जाणाऱ्या संकटापेक्षा रोज दारात उभे राहणारे संकट माणसाला अधिक झिजवते. ऐन थंडीत माणसे उघड्यावर झोपू लागली, शाळा झाडाखाली भरू लागल्या, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने तंबू उभारले, हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने भूकंपमापक बसवले. पावसाचे मुरलेले पाणी खडकाच्या भेगांत उतरण्याशी या धक्क्यांचा संबंध असावा, असा विचार संशोधकांनी मांडला. पुढच्या वर्षांतही धक्के अधूनमधून येत राहिले. घरात निजावे की अंगणात, हा प्रश्न ज्या गावांना रोज रात्री पडला, त्या गावांत घर बांधायला निघालेल्यांनी थोडे अधिक जपून पाऊल टाकायला हवे.

कारण या मुलखाला घर बांधण्याचे स्वतःचे शहाणपण आहे. वारल्यांचे जुने घर कुडाचे. लाकडी खांब रोवायचे, त्यांच्यामधे कारवीच्या काठ्या उभ्या-आडव्या बांधायच्या, वर माती-शेणाचा गिलावा द्यायचा आणि माथ्यावर गवत नाहीतर कौले चढवायची. भिंत हलकी, बांधणी लवचीक; जमीन हलली तर घरही तिच्यासोबत हलते आणि पडलेच तर त्याखाली माणूस चिरडत नाही. याच गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिला जातो, सवाष्णी तो लिहितात, लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते, आणि त्या भिंतीपुढे नवा संसार मांडला जातो. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ही कला जगापुढे नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण ती मुळात घराच्या भिंतीचीच कला आहे, हे शहरातल्या दिवाणखान्यात टांगलेले वारली चित्र पाहताना आपण विसरून जातो. ज्यांच्या भिंती आपण चौकटीत बसवून मिरवल्या, त्यांच्या भिंतीवर आज काय दिसते?

आज तिथे बहुधा सिमेंटच्या विटा दिसतात, आणि हे मागासपण सोडल्याचे लक्षण म्हणून कुणी मिरवू नये की परंपरा बुडाली म्हणून हळहळूही नये. कूड दर काही वर्षांनी नवा करावा लागतो, कारवी पूर्वीसारखी हाताशी राहिली नाही, वाळवी आणि विंचवाची भीती आहे, आणि तिथल्या लेकरांना पक्क्या घराची हौस असू नये असे सांगण्याचा अधिकार पक्क्या घरात राहणाऱ्या आपल्याला नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण शाखेत घरकुलाला सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ, दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपये, किमान २५ चौरस मीटर जागा आणि त्याशिवाय रोजगार हमीतून सुमारे ९० दिवसांची मजुरी अशी तरतूद ठरली. कातकऱ्यांसारख्या अतिमागास आदिम जमातींसाठी २०२३ पासून पीएम-जनमन योजनेतून घरामागे २ लाख रुपये आले. आदिवासींसाठी राज्याची शबरी घरकुल योजना आहे. पैसा हप्त्याहप्त्याने येतो. जोते झाले की फोटो, भिंत वर चढली की फोटो, मग पुढचा हप्ता. खडी, वाळू, सळईचे भाव मात्र हप्त्याची वाट पाहत नाहीत. म्हणून कितीतरी घरे लिंटलपर्यंत येऊन थबकतात आणि मागच्या बाजूला, प्लास्टिकचा कागद पांघरलेल्या जुन्या कुडात, कुटुंब आणखी एक पावसाळा काढते.

श्रमदानाला हात घालायची जागा ती हीच. पण तिथे हात घालण्यापूर्वी १० ऑक्टोबर ही तारीखही समजून घ्यायला हवी. तलासरी आणि डहाणूच्या इतिहासात बिनमोल कष्टाची आठवण फार खोल आहे. इथल्या जंगल-जमिनीचे मूळ धनी सावकार आणि जमीनदारांच्या कर्जात बुडाले, वेठीला जुंपले गेले. लग्नापुरते चार पैसे उसने घेतलेला तरुण लग्नगडी होऊन बायकोसह जन्मभर मालकाच्या वाड्यावर राबला. २३ मे १९४५ रोजी तलासरी तालुक्यातल्या झरी गावात हजारो वारली जमले. गोदावरी आणि शामराव परुळेकर आणि किसान सभा त्यांच्या सोबत होती. यापुढे मालकाच्या शेतावर फुकट राबणार नाही, दिवसाला बारा आणे मजुरी मिळाल्याशिवाय कामाला हात लावणार नाही, असा निर्धार तिथे झाला. त्याच वर्षी गवतकापणीच्या हंगामात, पाचशे पौंड गवताला अडीच रुपये एवढ्या मागणीसाठी संप उभा राहिला, आणि १० ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या चालवल्या. जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी तिथे पडले. गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात त्या जागृतीची कहाणी लिहिली आणि १९७२ साली साहित्य अकादमीने तिचा गौरव केला.

फुकट राबायला नकार देऊन ज्या भूमीने स्वतःचा माणूसपणा परत मिळवला, त्या भूमीत आपण फुकट राबायला जातो. यात विसंगती नाही; उलट आपल्या श्रमदानाला इथे जेवढा अर्थ आहे तेवढा क्वचितच दुसरीकडे असेल. वेठीत कष्ट खालून वर जात होते, धाकाने जात होते. आता ते वरून खाली, स्वेच्छेने यावेत, हे न्यायाचेच आहे. मात्र त्यासाठी शिबिरार्थी मुलामुलींना ही गोष्ट शेकोटीजवळ सांगितली गेली पाहिजे, आणि ज्यांच्या आजा-पणजाने ती जगली त्यांनीच ती सांगितली तर अधिक बरे. नाहीतर गावकऱ्याच्या मौनाचा अर्थ आपण कृतज्ञता असा लावून मोकळे होतो.

दुसरीही एक गोष्ट आपण सहसा पाहत नाही. वाघबारस होते, दिवाळी सरते, भाताची झोडणी उरकते आणि पाड्यांवरची जाणती माणसे बाहेर पडतात. कुणी वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर, कुणी विरार-नालासोपाऱ्याच्या इमारतींवर बिगारी म्हणून, कुणी वापी-उंबरगावच्या कारखान्यांत, कुणी गुजरातच्या बंदरांतून सुटणाऱ्या बोटींवर खलाशी म्हणून जाते. भट्टीवर गेलेली कुटुंबे लेकराबाळांसह जातात आणि मृगाच्या आधी परततात. आपली शिबिरे नेमकी डिसेंबर-जानेवारीत भरतात. म्हणजे आपण ज्यांचे घर बांधायला जातो ते घरधनी अनेकदा त्याच वेळी आपली घरे बांधायला आलेले असतात. वाटेत, डहाणू लोकलमध्ये, समोरासमोरच्या गाड्यांत आपण एकमेकांना ओलांडून जात असू. मुंबई महानगराच्या उत्तरेकडे गेल्या पिढीत ज्या वसाहती उगवल्या, त्यांच्या विटा थापणाऱ्या, पाटीतून वाळू वर चढवणाऱ्या हातांत वारली, कोकणा, कातकरी हात किती आहेत याची नोंद कुठल्याच सोसायटीच्या दप्तरात नाही. तिथे राहणारी मुले एका आठवड्यासाठी तलासरीच्या एखाद्या पाड्यावर जातात तेव्हा ती काही देण्यापेक्षा फेडायला अधिक जातात, आणि फेडीचा पहिला हप्ता म्हणून सात दिवस काही फार नव्हेत.

जगभर तरुणांनी असे हप्ते फेडले आहेत. पहिल्या महायुद्धाने उद्ध्वस्त केलेले व्हर्दूनजवळचे एक खेडे पुन्हा उभारायला १९२० साली पियर सेरेसोल हा स्विस अभियंता स्वयंसेवकांची तुकडी घेऊन गेला; हाच गृहस्थ १९३४ च्या भूकंपानंतर बिहारमध्ये आला आणि राजेंद्रप्रसादांच्या मदतकार्याला जोडून घेऊन खेडुतांबरोबर घरे बांधत राहिला. अमेरिकेतल्या महाविद्यालयांत वसंताच्या सुट्टीत घरबांधणीला जाण्याची रीतच पडून गेली आहे, आणि २००६ साली माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर आपल्याच लोणावळ्याजवळ, जगभरातून आलेल्या स्वयंसेवकांसह शंभर घरांच्या बांधकामावर हातात थापी घेऊन उभे होते. आपल्याकडे बाबा आमट्यांनी सोमनाथच्या रानात श्रमसंस्कार छावणीचा पायंडा पाडला, तो भर मे महिन्याच्या उन्हात आजही चालतो. शेतकऱ्यांच्या इर्जिकीची आणि सावडीची रीत तर कुठल्याही योजनेपेक्षा जुनी. आज माझ्या बांधावर दहा जण, उद्या तुझ्या बांधावर दहा जण, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून एक पंगत. त्या रीतीत देणारा आणि घेणारा आळीपाळीने बदलतो, म्हणूनच तिथे कुणाची मान खाली जात नाही.

मग शिबिराने करावे काय? थोडे गणित मांडू. ५० मुले सात दिवस रोज अर्धा दिवस राबली तर १७५ मनुष्यदिवस भरतात. एका घरकुलाच्या अकुशल कामाला शासन जवळपास ९० दिवस धरते. म्हणजे कागदावर दोन घरांची मजुरी एका आठवड्यात निघते. प्रत्यक्षात मात्र नवखा हात घमेले भरतो, ओळंबा धरू शकत नाही. सळई बांधणे, माल कालवणे, कोन साधणे हे गवंड्याचे काम आहे, आणि गावात गवंडी असतोच. त्याला पुरी मजुरी देऊन शिबिराचा प्रमुख करावे आणि मुलांनी त्याच्या हुकमतीखाली राबावे. भूकंपाच्या पट्ट्यात जोत्याला, लिंटलला आणि भिंतीच्या माथ्याला सळईचा आडवा पट्टा फिरवला आणि कोपऱ्यात उभी सळई घातली तर तीच भिंत धक्का सोसते. त्या वाढीव सळईचा खर्च हप्त्यात बसत नाही, तो महाविद्यालयाने वर्गणीतून उचलावा. ओल्या काँक्रीटला आठवडा-दोन आठवडे पाणी मारावे लागते आणि शिबीर तर सातव्या दिवशी उठते, तेव्हा त्या कामासाठी मागे कोण राहील हे आधीच ठरवावे. रखडलेल्या हप्त्यासाठी पंचायत समितीत खेटे घालणे, कागदांतली चूक दुरुस्त करून आणणे, वनहक्काच्या जमिनीवरच्या घराचा प्रश्न समजून घेणे ही कामे फोटोत दिसत नाहीत. घर पुरे होते ते मात्र त्यांच्यानेच. आणि तलासरीत आज गोदावरी परुळेकरांच्याच नावाचे महाविद्यालय आहे, तिथे शिकणारी मुले याच पाड्यांवरची आहेत. शहरातल्या मुलांनी त्यांच्या हाताखाली काम केले, तर इर्जिकीचा जुना नियम आपोआप पाळला जाईल.

शिबिराचा काळही पाड्याच्या सोयीने ठरवायला हवा. घरधनी भट्टीवर असताना त्याच्या दारात भिंत उभी करण्यापेक्षा तो परतल्यावर, वैशाखात, पेरणीपूर्वीच्या दिवसांत परीक्षा आटोपून जाणे अधिक शोभेल. ऊन कडक असते, पण ऊन त्यालाही असते. गेल्या वर्षी बांधलेल्या घराला पहिल्या पावसाने आणि एखाद्या हादऱ्याने काय केले, हे पाहायला पुढच्या वर्षीच्या तुकडीने आधी जावे आणि मगच नवे काम अंगावर घ्यावे. तडा गेला असेल तर तो आपल्या हिशेबात लिहावा, आणि घर उभे असेल तर त्याचे श्रेय बांधून घेणाऱ्या बाईला द्यावे, कारण त्या घरापायी कर्ज काढणारी, उपाशी राहणारी, फाटक्या कागदाखाली पावसाळा काढणारी तीच.

सेवेची प्रतिज्ञा दरवर्षी नव्याने म्हणायची असते, याचा अर्थ ती दरवर्षी नव्याने तपासायचीही असते. डहाणू-तलासरीने आपल्याला फळबागांचे चिकू दिले, भिंतीवरची कला दिली, अंगणवाडीचा वस्तुपाठ दिला, वेठीला नकार देण्याचे धैर्य दिले, आणि आपल्या डोक्यावरच्या छपरांसाठी तिथल्या माणसांचे हातही दिले. त्यांच्यापैकी एखाद्याचे घर लिंटलपाशी थांबलेले असेल, तर आपल्या स्वतःच्या घराचे कामही तेवढे अपुरेच राहिले आहे, असे समजून यंदा शिबिराला निघावे आणि ते पुरे होईपर्यंत जात राहावे.